स्टेशनावरचं वजनाचं यंत्र

आमच्या कुर्डुवाडीच्या स्टेशनाबद्दल बाहेरच्या माणसाला सांगायचं म्हणजे बार्शी लाईटपासूनच सुरुवात करावी लागते. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी हा अडीच फुटी रूळ सुरू झाला, पुढे तो पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेला. आता तो रूळही रुंद झाला आणि ती डुलत डुलत जाणारी गाडीही गेली. पण आज मला लिहायचंय ते गाडीबद्दल नाही, फलाटावरच्या वजनाच्या यंत्राबद्दल.

माझ्या वयाच्या मंडळींना ते आठवत असेल. लाल दिवे लुकलुकायचे, आत चक्र फिरायचं, दहा पैसे टाकले की खट्ट करून जाड कागदाचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य! मी १९७२ साली बी.ए. झाले आणि नोकरीला लागले. रोजचा गाडीचा प्रवास. गाडीला उशीर झाला की आम्ही दोघी-तिघी मैत्रिणी त्या यंत्रावर चढायचो.

एकदा माझं तिकीट आलं ४७ किलोचं. पंधरा दिवसांनी साडेअठ्ठेचाळीस. लग्न ठरवायचे दिवस होते, घरात "पोरगी जाड दिसायला लागली" हे एक वाक्य पुरेसं होतं. बांगड्याही हाताला घट्ट वाटत होत्या. मी रात्रीचं जेवण सोडलं. चौथ्या दिवशी फळ्यासमोर उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पाळी नेमकी त्याच सकाळी आलेली. मुख्याध्यापकांना काय सांगणार? "पित्त झालंय" म्हणाले आणि खुर्चीत बसले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तिकीट काढलं तर ४७! मी काहीच वेगळं केलं नव्हतं. तेव्हा वाटलं, यंत्रच बिघडलंय.

यंत्र बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं ते आमचं न बोलणं.

माणसाचं वजन रोज बदलतं हे काही नवं ज्ञान नव्हे. इटलीतला सांतोरिओ नावाचा वैद्य वर्षानुवर्षं तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून जेवण्याआधी-जेवल्यानंतर स्वतःला तोलत असे. १६१४ साली त्याने त्यावर पुस्तक छापलं. त्यात त्याने असंही म्हटलंय की निरोगी पुरुषाचंही वजन महिन्याकाठी एक-दोन पौंडांनी वाढतं आणि पुन्हा उतरतं, बायकांच्या मासिक चक्रासारखं. पुरुषांबद्दलचं त्याचं म्हणणं खरं की खोटं हे बाजूला ठेवू. चारशे वर्षांपूर्वी एका माणसाला उपमा सुचली ती बायकांच्या महिन्याची, याची मला गंमत वाटते.

आपल्याकडे मात्र "कावळा शिवला" म्हटलं की विषय संपायचा. खरं तर आमच्या सोलापूर जिल्ह्याला याबाबत फार जुना वारसा आहे. मंगळवेढ्याच्या चोखोबांची पत्नी सोयराबाई हिने चौदाव्या शतकात आपल्या अभंगातून विटाळालाच प्रश्न विचारला, की ज्यापासून देह घडतो तोच अपवित्र कसा? पंढरीची वाट आमच्याच भागातून जाते, पण तो प्रश्न काही आमच्या माजघरात पोचला नाही.

आधुनिक काळात शरीराबद्दल मराठीत उघडपणे लिहिण्याचं धाडस केलं ते र. धों. कर्वे यांनी. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यात ते वाचकांच्या शंकांना सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांपायीच १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दंड झाला, पण मासिक बंद पडलं नाही. १९५३ साली कर्वे गेले, तेव्हाच ते थांबलं.

ज्या काळात आपल्याकडे हे खटले चालले होते, त्याच काळात तिकडे संप्रेरकांचे शोध लागत होते. १९२९ साली अमेरिकेत डॉयझी आणि जर्मनीत बुटेनांट यांनी इस्ट्रोजेन गटातलं संप्रेरक वेगळं काढलं, १९३४ साली प्रोजेस्टेरॉन हाती आलं. १९३१ साली न्यूयॉर्कच्या डॉ. फ्रँक यांनी पाळीपूर्वीच्या ताणावर लेख लिहिला. आणि कर्वे गेले त्याच १९५३ साली लंडनमध्ये डॉ. ग्रीन आणि डॉ. कॅथरिना डाल्टन यांनी पाळीपूर्वीच्या त्रासांना एकत्रित नाव दिलं. तेव्हा बराचसा दोष अंगात साठणाऱ्या पाण्यावर टाकला जाई. पुढे कळलं की मनाची उलघाल आणि पाण्याचं वजन यांचं नातं इतकं सरळ नाही. पण पाणी साठतं, हे मात्र खरं.

सोप्या भाषेत सांगायचं तर असं. पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात ही संप्रेरकं वर जातात आणि मग एकदम खाली येतात. या चढउतारात शरीर मीठ आणि पाणी थोडं जास्त धरून ठेवतं. पाय जड होतात, पोट फुगल्यासारखं वाटतं, अंगठी रुतते. त्यातच खारट-तिखट खावंसं वाटतं. पाळी सुरू झाली की काही दिवसांत ते पाणी आपोआप निघून जातं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रीसमधल्या एका अभ्यासात ४२ स्त्रियांची मोजमापं घेतली, तेव्हा पाळीच्या दिवसांत वजन सरासरी अर्ध्या किलोच्या आसपास वाढलेलं दिसलं, आणि ते मुख्यतः पाणीच होतं, चरबी नव्हे. कुणाला काहीच फरक पडत नाही, कुणाला किलो-दोन किलोही पडतो.

हे सगळं मला कळलं ते निवृत्तीनंतर, आणि उपयोगी पडलं ते परवाच्या दिवाळीत. पुण्याला शिकणारी नात आली होती. येताना वजनाचा काटा घेऊन! रोज सकाळी त्यावर उभी राहायची. एके दिवशी रडवेली होऊन म्हणाली, "आजी, तीन दिवसांत दीड किलो वाढलं गं. मी आज फराळ नाही करणार, जेवणारही नाही." मला एकदम तो फळा आठवला, ती अंधारी आठवली.

मी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि भिंतीवरचं कालनिर्णय दाखवलं. १९७३ पासून हे कालनिर्णय घरोघरी आलं, आणि दुधाच्या हिशेबाशेजारी बायकांनी पेन्सिलीची बारीक फुली मारायला सुरुवात केली. आमच्या पिढीची तीच एक नोंदवही. म्हटलं, "बाळा, फुलीशेजारी वजन लिही. दोन महिने लिही आणि मग ठरव. पण उपाशी राहायचं नाही." माझी गोष्टही सांगितली. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली.

बाकी उपाय साधेच. वजन करायचंच तर महिन्यातून एकदा, पाळी संपल्यानंतरच्या ठरावीक दिवशी. त्या आठवड्यात लोणचं, पापड, फरसाण जरा हात आखडून. पाणी कमी करायचं नाही, नेहमीसारखं प्यायचं. फिरणं चालू ठेवायचं, कपडे सैल घालायचे. लघवीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. आणि वाढलेलं वजन पाळीनंतरही उतरलं नाही, सूज राहिली, पाळी अनियमित झाली, तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं.

परवा नातीचा फोन आला. "आजी, दोन्ही महिन्यांत फुलीच्या आधी चढलं आणि नंतर उतरलं. तुझं बरोबर होतं." मी विचारलं, "जेवतेस ना?" म्हणाली, "हो गं, भाकरी खातेय."

असो. ते फलाटावरचं यंत्र आता नाही. त्याच्या तिकिटावर मागे भविष्य छापलेलं असे, ते कधी खरं ठरल्याचं आठवत नाही. वजन मात्र खरं होतं. ते कशाचं, एवढंच सांगायला कुणी नव्हतं.