पेसमेकरनंतर पुन्हा अंगमेहनत

1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे हळूहळू थांबले, तरी लालबागमधील अनेकांचा संसार आजही हातांच्या बळावर चालतो. मसाला बाजारातील मिरचीची पोती, डंक, गणेशमूर्तींच्या कार्यशाळा, मंडपाच्या परांच्या ही सारी अंगमेहनतीची कामे. अशा कामगाराला पेसमेकर बसवला, की घरातील पहिला प्रश्न असतो, आता कामाचे काय? काहीजण भीतीने काम कायमचे सोडतात. काहीजण मजुरी बुडू नये म्हणून आठवड्याभरातच पोते उचलतात. दोन्ही टोके टाळण्याजोगी आहेत.

पेसमेकर मंदावलेल्या हृदयाला सूक्ष्म विद्युत स्पंद देतो. आयसीडी हे उपकरण ठोके घातक वेगाने पडू लागल्यास धक्का देऊन लय सावरते. पहिला पेसमेकर 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवला गेला. तो काही तासांतच बंद पडला. पण वीसहून अधिक उपकरणे बदलत लार्सन 2001 पर्यंत, वयाच्या 86 व्या वर्षापर्यंत जगले.

उपकरण बहुधा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली असते. त्याच्या तारा शिरेतून हृदयात जातात व तेथे पक्क्या रुजण्यास काही आठवडे लागतात. म्हणून साधारण 4 ते 6 आठवडे त्या बाजूचा हात खांद्यावर नेऊ नये, जड ओझे उचलू नये. मात्र हात अजिबात न हलवल्यास खांदा आखडतो. हलक्या हालचाली चालू ठेवाव्यात. जखम लाल होणे, सुजणे, स्रवणे किंवा ताप येणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

त्यानंतर किती श्रम झेपतील, हे उपकरणापेक्षा मूळ हृदयविकारावर ठरते. बहुतेक घरगुती यंत्रे सुस्थितीत असल्यास सहसा धोका नसतो. मोबाइल व ड्रिल मशीन उपकरणापासून 15 सेंटीमीटर, तर वेल्डिंगची ठिणगी किमान 60 सेंटीमीटर दूर असावी. 160 अँपिअरपेक्षा जास्त प्रवाहाचे वेल्डिंग टाळावे. ध्वनिक्षेपकातील मोठे चुंबक छातीशी धरून वाहू नयेत. आयसीडी असलेल्याने परांचीवरील काम डॉक्टरांच्या स्पष्ट अनुमतीविना करू नये, कारण उंचीवर धक्का बसला वा भोवळ आली तर तोल जातो. एकच धक्का बसून बरे वाटत असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. लागोपाठ धक्के बसल्यास वा बरे न वाटल्यास तत्काळ रुग्णालयात जावे.

कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगारास, वर्गणीच्या अटी पूर्ण असल्यास, वर्षात 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के आजारभत्ता मिळतो. रोजंदारीवरील अनेकांना हे कवच नसते. त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच मालकाशी काही आठवड्यांच्या हलक्या कामाविषयी बोलून ठेवावे.

डॉक्टरांना 'काम करू का?' एवढेच विचारणे पुरेसे नाही. पोते किती किलोचे, किती जिने चढायचे, कोणते यंत्र किती अंतरावर, हे सांगावे. उपकरणाचे ओळखपत्र कामावरही खिशात असावे.