पाच दाणे साळीचे

नंदगड म्हटलं की रायण्णाच्या समाधीवरचा वड आठवतो. 26 जानेवारी 1831 ला संगोळ्ळी रायण्णाला इथं फाशी दिलं, ते आपल्या भागात शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. ते राहायलाच हवं. पण याच मातीचा दुसरा एक इतिहास आहे, तो भाताचा. त्यात तलवार नाही, म्हणून तो कुणी सांगत नाही. आणि तो बराचसा बायकांच्या हातून घडला, म्हणून तर मुळीच सांगत नाहीत.

सुरुवात हलशीपासून करू. 1860 च्या सुमारास हलशीबाहेर, नंदगडच्या वाटेवर चक्रतीर्थ नावाच्या लहानशा विहिरीजवळ ताम्रपट सापडले. जे. एफ. फ्लीट यांनी पुढं ते वाचून छापले. पाचव्या-सहाव्या शतकातल्या कदंब राजांची ही दानपत्रं. तेव्हा हलशीचं नाव पलाशिका. मृगेशवर्म्यानं इथं वडिलांच्या स्मरणार्थ जिनालय बांधलं आणि यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक संघांना 33 निवर्तनं जमीन दिली, ही गोष्ट आपले लोक अभिमानानं सांगतात. मला मात्र भानुवर्म्याच्या काळचा पत्रा जास्त बोलका वाटतो. दर पौर्णिमेला जिनेंद्राचा अभिषेक व्हावा म्हणून 15 निवर्तनं जमीन दिली, आणि त्या शेताचं नाव लिहिलंय कर्दमपटी. कर्दम म्हणजे चिखल. चिखलाची पट्टी! पावसाच्या या मुलखात चिखलाच्या शेतात भाताशिवाय दुसरं काय पिकवणार? म्हणजे अभिषेकाचा खर्च भातावर चालला असणार. दान देणाऱ्याचं नाव तांब्यावर आलं. चिखलात वाकून उभ्या राहिलेल्यांची नावं कुठं यायची?

बाहेरचे लोक कधी कधी विचारतात, तुम्ही जैन, मग नांगर कसा धरता? आपल्याकडं जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणाचं उत्तर तयार असतं. आदिनाथांनी असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य, शिल्प अशी सहा कामं शिकवली, त्यात शेती आहेच. बेळगाव-निपाणी पट्ट्यातला आपला समाज मुख्यत्वे शेतकऱ्यांचाच.

आता गोष्ट. ज्ञाताधर्मकथेत राजगृहातल्या धन्य सार्थवाहाची आहे. तो श्वेतांबर आगम, पण गोष्टीला पंथ नसतो. धन्यानं चार सुनांना साळीचे पाच-पाच दाणे दिले आणि सांगितलं, मागेन तेव्हा परत द्या. उज्झितेनं फेकून दिले, भोगवतीनं खाऊन टाकले, रक्षिकेनं दागिन्यांच्या डबीत जपून ठेवले. रोहिणीनं ते माहेरी पाठवून पेरायला लावले. पहिल्या पावसात पेरले, रोप उपटून पुन्हा लावलं, कुंपण घातलं, मळणी करून नव्या मडक्यात भरून तोंड लिंपलं. पाच वर्षांनी सासऱ्यानं दाणे मागितले तेव्हा आणायला गाड्या लागल्या. प्रवचनात पाच दाणे म्हणजे पाच महाव्रतं असा अर्थ सांगतात, तो खराच. पण सांगणाऱ्याला रोपलावण आणि बियाण्याचं मडकं दोन्ही नीट माहीत होतं, हेही तितकंच खरं. आणि एक गंमत पाहा. आपल्यासारख्या दमट हवेत भाताचं बी वर्ष-दोन वर्षांत उगवणशक्ती गमावतं. रक्षिकेच्या डबीतले दाणे पाच वर्षांनी दिसायला जसेच्या तसे, पण बहुधा मेलेले. बी जपायचं तर पेरावंच लागतं.

हेच काम संशोधन केंद्रानं वेगळ्या रीतीनं केलं. धारवाडजवळ मुगद इथं मुंबई इलाख्याच्या काळापासून भाताचं केंद्र आहे, आता ते धारवाडच्या कृषी विद्यापीठाकडं. सुरुवातीच्या काळात तिथले शास्त्रज्ञ नवं भात घडवत नव्हते. शेतकऱ्यांच्या शेतातल्या भातातून एकेक चांगली लोंबी निवडायची, तिचे दाणे वेगळ्या ओळीत पेरायचे, ओळी ताडून पाहायच्या, पुन्हा निवडायच्या. बरी ठरलेली ओळ शुद्ध वाण म्हणून पुढं आली. अंतरसाळ हे आपल्या भागातलं जुनं पेरभात असंच निवडून घेतलं, आणि तिच्या नावापुढं आकडा आला. पण ती लोंबी शेतात आधीपासून टिकून होती, ती कुणामुळं? कापणीला भेसळीच्या लोंब्या बाजूला काढणारी, कणगीतलं बी घरच्या खाण्यापासून राखणारी बाई कुठल्या अहवालात आहे?

आपल्याकडं धूळवाफेवर कुरीनं पेरलेलं भात फार. पाऊस येण्याआधी कोरड्या मातीत बी पडतं. चिखल करायचा त्रास वाचतो, पण तण भाताबरोबरच उगवतं. मग कोळपणी आणि भांगलण. भांगलण म्हणजे बायकांची कंबर, दुसरं काय!

खानापूर भागात अजून आवडीनं घेतात ते इंटान भात. उंच वाढतं, उशिरा येतं, जनावरांना पिंजर भरपूर देतं. हे इंडोनेशियातलं. तिकडच्या भाषेत इंतान म्हणजे हिरा. डच काळात, 1930 च्या दशकात, तिथं चीनकडचा चिना आणि बंगालचा लातिसैल या वाणांचा संकर केला, त्यातून इंतान आणि पेटा ही भावंडं निघाली. पेटा पुढं फिलिपिन्समध्ये 1966 साली आलेल्या आय.आर. 8 या बुटक्या वाणाचा एक पालक झाला, आणि त्या वाणानं आशियाची भातशेती बदलली. इंतान मात्र आपल्या पावसाळी मुलखात रमलं. लातिसैलमधलं सैल म्हणजे शालि. तीच आपली साळ, तीच अंतरसाळीतली, तीच रोहिणीच्या मुठीतली. म्हणजे हा परका हिरा बापाकडून इकडचाच, आपल्या घरी आला म्हणायचा. अभिलाष हा मुगदचाच वाणही आपल्या भागासाठी शिफारस केलेला आहे.

भात स्वपरागीभवनाचं पीक. फुलात बहुतेक आपलेच पराग पडतात, म्हणून अशा सरळ वाणाचं घरचं बी नीट निवडलं तर वर्षानुवर्षं वाण तसाच राहतो. संकरित भाताचं तसं नाही, त्याचं बी दरसाल विकत घ्यावं लागतं. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायचा, पेरायचा, दुसऱ्याला द्यायचा हक्क ठेवला आहे. अट एवढीच की संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं नाव लावून विकायचं नाही. पण हक्क वापरायला मडकं तर हवं. दुकानातून पिशवी आणणं सोपं झालं, तेव्हापासून बियाण्याचा निर्णय माजघरातून उठून दुकानाच्या फळीवर गेला. पुरुष जाऊन पिशवी आणतात, आणि कुठलं बी आणलं ते आपल्याला रोप वर आल्यावर कळतं.

ज्यांच्या घरी अजून सरळ वाण आहे, त्यांनी यंदा एवढं करावं. बांधाकडेचं भात सोडून शेताच्या मधलं, एकसारखं पिकलेलं भात बियाण्याला वेगळं कापावं, वेगळं मळावं. पेरणीआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावं. वर तरंगतील ते पोकळ आणि रोगट दाणे काढून टाकावेत, तळाला बसलेलं बी साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत 24 तास वाळवावं.