वायू-दट्ट्या प्रणाली (रायफल)

वायू-दट्ट्या प्रणाली ही अर्धस्वयंचलित व स्वयंचलित रायफलींमध्ये वापरली जाणारी एक यांत्रिक योजना आहे. गोळी सुटल्यावर नळीत निर्माण झालेल्या उच्च दाबाच्या वायूचा अल्प भाग या योजनेत दट्ट्यावर (पिस्टनवर) सोडला जातो. दट्ट्याच्या हालचालीमुळे रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते व पुढील काडतूस आपोआप भरले जाते. अर्धस्वयंचलित रायफलीत चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी सुटते. स्वयंचलित रायफलीत चाप दाबून धरल्यास गोळ्या सुटत राहतात. वायूचे कार्य मात्र दोहोंत सारखेच असते.

कार्यपद्धती

नळीला ठरावीक अंतरावर एक बारीक छिद्र असते. गोळी या छिद्रापुढे सरकताच वायू त्यातून बाहेर पडून नळीला समांतर असलेल्या दंडगोलात शिरतो आणि दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्या बोल्ट-वाहकाला मागे नेतो, बोल्टची पकड सुटते आणि चेंबर उघडते. मागे दाबली गेलेली स्प्रिंग नंतर सर्व भाग पुढे आणते. या परतीच्या हालचालीत मॅगझिनमधील नवे काडतूस चेंबरमध्ये जाते.

या प्रणालीचे दोन मुख्य प्रकार आहेत. दीर्घ-आघात प्रकारात दट्ट्या बोल्ट-वाहकाला जोडलेला असून त्याच्याबरोबर संपूर्ण अंतर प्रवास करतो. अमेरिकेची एम१ गॅरंड आणि सोव्हिएत संघाची एके-४७ ही याची प्रसिद्ध उदाहरणे होत. लघु-आघात प्रकारात दट्ट्या वाहकाला केवळ एक धक्का देऊन थांबतो व वाहक मिळालेल्या वेगाने पुढचा प्रवास करतो. बेल्जियमची एफएन एफएएल रायफल या प्रकारातील आहे.

थेट वायू प्रणालीशी तुलना

थेट वायू प्रणालीत वेगळा दट्ट्या नसतो. वायू नलिकेतून थेट मागे आणला जातो. यूजीन स्टोनर यांनी १९५०च्या दशकात एआर-१० व एआर-१५ या रायफलींसाठी केलेल्या रचनेत वायू बोल्ट-वाहकाच्या पोकळीत प्रसरण पावतो व बोल्ट स्वतःच दट्ट्याचे काम करतो. त्यामुळे वजन कमी राहते आणि बल नळीच्या अक्षावरच लागू होते. मात्र वायूबरोबर उष्णता व काजळीही यंत्रणेच्या आतील भागात येते.

या रचनेतून निर्माण झालेली एम१६ रायफल व्हिएतनाम युद्धात ऐन लढाईत अडकत असल्याच्या तक्रारी आल्या आणि १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी केली. दोष केवळ रचनेचा नव्हता. काडतुसातील दारूचा प्रकार बदलण्यात आला होता, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि सैनिकांना सफाईचे साहित्य व प्रशिक्षण पुरेसे मिळाले नव्हते. या त्रुटी दूर झाल्यावर रायफलीची विश्वासार्हता सुधारली. शस्त्राची प्रणाली, दारूगोळा व देखभाल यांचा विचार एकत्रितपणेच करावा लागतो, हा या प्रकरणाचा धडा मानला जातो.

दट्ट्या प्रणालीत रूपांतर

थेट वायू प्रणालीच्या रायफलीचे दट्ट्या प्रणालीत रूपांतर करण्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीची एचके४१६. एम४ कार्बाइनच्या धर्तीवरील या रायफलीला लघु-आघात दट्ट्या देण्यात आला. नॉर्वेने ती स्वीकारली, तर फ्रान्सने २०१६ मध्ये तिच्या एका आवृत्तीची निवड केली.

अशा रूपांतराने बोल्टचा भाग तुलनेने थंड व स्वच्छ राहतो. आखूड नळीच्या शस्त्रांत हा लाभ अधिक जाणवतो. परंतु काजळी नाहीशी होत नाही, ती दट्ट्याच्या भागात साचते. नळीवरील भार वाढतो. दट्ट्याचा धक्का वाहकाच्या वरच्या बाजूस बसत असल्याने वाहक मागच्या टोकाला कलतो आणि तेथे घर्षण वाढते. मूळ रचना अक्षीय बलासाठी आखलेली असल्याने वाहकाचा आकारही बदलावा लागतो. निरनिराळ्या उत्पादकांचे सुटे भाग बहुधा परस्परांना बसत नाहीत.

भारतातील वापर

१९६२च्या चीन युद्धानंतर भारतीय सेनेत .३०३ रायफलीची जागा ७.६२ मिमी १ए१ या अर्धस्वयंचलित रायफलीने घेतली. 'एसएलआर' या नावाने परिचित असलेली ही रायफल एफएएलवर आधारित असून तिच्यात दट्ट्याकडे जाणाऱ्या वायूचे प्रमाण कमी-अधिक करण्याची सोय आहे. तिचे उत्पादन पश्चिम बंगालमधील ईशापूर येथे झाले. पुढे पुण्यातील आयुध संशोधन व विकास संस्थेने आखलेल्या ५.५६ मिमी इन्सास रायफलीत दीर्घ-आघात दट्ट्या वापरण्यात आला.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या हल्ल्यात दहशतवाद्यांकडे एके प्रकारच्या, म्हणजे दीर्घ-आघात दट्ट्याच्या स्वयंचलित रायफली होत्या. छत्रपती शिवाजी टर्मिनस येथील काही पोलिसांकडे मात्र प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागणाऱ्या .३०३ रायफली होत्या. त्याच रात्री गिरगाव चौपाटीजवळ सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबची रायफल हाताने धरून ठेवली व त्यात ते हुतात्मा झाले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. हल्ल्यानंतर राज्य शासनाने २००९ मध्ये आधुनिक शस्त्रांनी सज्ज असे 'फोर्स वन' पथक उभारले. त्याचा तळ मुंबईच्या गोरेगाव या उपनगरात आहे.

कायदेशीर स्थिती

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना अग्निशस्त्राची निर्मिती, दुरुस्ती किंवा रूपांतर करणे हा गुन्हा आहे. स्वयंचलित अग्निशस्त्रे प्रतिबंधित शस्त्रांत मोडतात. त्यामुळे काही देशांत नागरिकांकडून केले जाणारे वायू प्रणालीतील बदल भारतात व्यक्तिगत स्तरावर करता येत नाहीत. असे काम अधिकृत शस्त्रनिर्मात्यांपुरते मर्यादित आहे.