आगीची वर्दी

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा हा कापसाचा तालुका. येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. घराशेजारी कुटाराचे ढीग, जिनिंगच्या आवारात रुईच्या राशी, टिनाची छपरे आणि जुने वायरिंग, असे सगळे आगीला अनुकूल सामान या भागात असते. आग लागली की आरोळी उठते, माणसे धावतात, कोणीतरी बंबाला फोन करते. आगीची बातमी पोचवण्याला आपल्याकडे ‘वर्दी देणे’ म्हणतात. तहसील कचेरी, रुग्णालय, बँक, चित्रपटगृह, शाळा यांसारख्या सार्वजनिक इमारतींत हेच वर्दी देण्याचे काम आता काही उपकरणांकडे सोपवलेले असते. छताला चिकटलेली पांढरी चकती, जिन्याजवळची लाल पेटी, दारावरचा भोंगा ही ती उपकरणे. रोज त्यांच्याखालून ये-जा करूनही त्यांतले कोणते काय करते हे आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल.

या उपकरणांचा इतिहास पाहिला की ती ओळखणे सोपे जाते. त्या इतिहासात दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. आग आधी कळली कोणाला? आणि ती कळवली कोणाला?

मनोरा आणि तार

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगातील बहुतेक शहरांत पहिल्या प्रश्नाचे उत्तर होते ‘मनोऱ्यावरचा पहारेकरी’. धूर दिसला की तो घंटा बडवी. पण आग नेमकी कोठे आहे हे घंटेवरून कळत नसे. अमेरिकेतील बोस्टन शहरात विल्यम चॅनिंग हा वैद्यकाचा पदवीधर आणि मोझेस फार्मर हा तंत्रज्ञ यांनी यावर तारायंत्राचा उपाय काढला. शहरभर पेट्या बसवल्या. पेटीतील दांडा फिरवला की त्या पेटीचा क्रमांक तारेने मुख्य ठाण्यात उमटे. ही योजना १८५२ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. आगीची जागा विजेच्या तारेने कळवणारी ही पहिली नगरव्यवस्था मानली जाते.

तार वेगवान असली तरी तिला क्रमांकापलीकडे काही सांगता येत नव्हते. त्या मर्यादेची मोठी किंमत पुढे आपल्या मुंबईला मोजावी लागली.

गोदीतील फुटलेली काच

१४ एप्रिल १९४४. दुसरे महायुद्ध चालू होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते. त्यात सुमारे १४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, आणि त्याच जहाजात कापसाच्या सुमारे ८७०० गाठी होत्या. कापूस कसा जळतो हे विदर्भातील वाचकांना सांगायला नको. दाबलेल्या गाठीत ठिणगी शिरली तर ती ज्योत न दाखवता आत धुमसत राहते. गाठ कोरी दिसते आणि आतून विस्तव पसरत जातो.

त्या दुपारी जहाजाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरातून धुराच्या रेषा निघताना आजूबाजूच्या काही जणांनी पाहिल्या होत्या, पण वर्दी कोणीच दिली नाही. दीड-दोनच्या सुमारास जहाजावरील लोकांना आग कळली. परिस्थिती गंभीर आहे असा खास निरोप नियंत्रण कक्षाला देण्यासाठी अग्निशमनाचा एक माणूस धावला. परंतु जवळच्या टेलिफोनला क्रमांक फिरवायची तबकडीच नव्हती. तेव्हा त्याने भिंतीवरच्या आगीच्या पेटीची काच फोडली. पेटीने आपले काम चोख केले. ‘येथे आग आहे’ एवढे तिने कळवले. ‘जहाजात स्फोटके आहेत’ हे कळवण्याची सोय तिच्यात नव्हती. साध्या आगीची वर्दी समजून पहिल्यांदा दोनच पंप पाठवले गेले. प्रसंगाचे गांभीर्य लक्षात आल्यावर आणखी कुमक आली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे दगावली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

आजही सार्वजनिक इमारतीत बाहेर पडण्याच्या वाटेवर छातीच्या उंचीवर लाल पेटी दिसते. तिच्यात पातळ काच असते किंवा दाबायची पट्टी असते. बोस्टनच्या पेटीची ही वंशजच आहे. तिला माणसाचा हात लागतो. म्हणजे आग आधी माणसाला दिसावी लागते.

उष्णता ओळखणारी उपकरणे

कोणी जागे नसेल तर? या प्रश्नातून स्वयंचलित उपकरणे आली. एडिसनचा सहकारी, गणितज्ञ फ्रान्सिस अप्टन याने एका भागीदारासह १८९० मध्ये विजेवर चालणाऱ्या आगसूचकाचे पेटंट घेतले. उष्णता ओळखणाऱ्या साध्या उपकरणांमागची तत्त्वे शालेय पुस्तकातलीच आहेत. दोन धातूंच्या जोडपट्टीला उष्णता लागली की ती वाकते आणि विद्युतमंडल पूर्ण करते. दुसऱ्या प्रकारात ठरावीक तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. तिसऱ्यात एका छोट्या पोकळीतील हवा तापून पडदा ढकलते. या पोकळीला बारीक छिद्र असते. दिवस हळूहळू तापला तर वाढीव हवा छिद्रातून निघून जाते. आगीने ती एकदम तापली तर मात्र निघायला वेळ मिळत नाही आणि पडदा सरकतो. ऊन आणि आग यांतला फरक हे उपकरण तापमान वाढण्याच्या वेगावरून ओळखते.

छतातून खाली डोकावणारी आणि मध्ये रंगीत द्रवाची काचेची कुपी असलेली तोटी मात्र आगसूचक नव्हे. तो फवारा, म्हणजे स्प्रिंकलर. द्रव प्रसरण पावून कुपी फुटली की पाणी सुटते. रंगावरून कुपी किती तापमानाला फुटेल ते कळते. नारिंगी ५७, तांबडी ६८, पिवळी ७९ आणि हिरवी ९३ अंश सेल्सिअस. त्या जागेच्या कमाल तापमानापेक्षा सुमारे ३० अंश वरची कुपी निवडावी असा संकेत आहे. आता मे महिन्यात दारव्ह्याच्या एखाद्या टिनाच्या छपराखालची हवा ५० अंशांवर गेली तर कोणता रंग योग्य, हे गणित विद्यार्थ्यांना घालून पाहावे.

धूर ओळखणारी उपकरणे

धुमसणाऱ्या आगीत उष्णता उशिरा वाढते. धूर आधी येतो आणि बहुतेक माणसे धुरानेच दगावतात. म्हणून धूर ओळखणे हे पुढचे पाऊल होते. ते योगायोगाने पडले. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर येगर हा भौतिकशास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे उपकरण बनवत होता. हवेचे आयनीभवन करून तीतून क्षीण प्रवाह वाहू द्यायचा, वायूचे रेणू आले की प्रवाह बदलेल, अशी त्याची कल्पना होती. वायूला उपकरण दाद देईना. कंटाळून त्याने सिगरेट पेटवली आणि काटा हलला. धुराच्या कणांना आयन चिकटत होते, त्यामुळे प्रवाह घटत होता.

पुढे आयनीभवनासाठी अमेरिशियम-२४१ हे किरणोत्सारी मूलद्रव्य वापरात आले. एका उपकरणात ते साधारण एका मायक्रोग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाइतके असते. त्याचा अर्धायुकाल ४३२ वर्षे. त्यातून निघणारे अल्फा कण हवेत काही सेंटिमीटरच जातात, त्यामुळे छतावरच्या बंद उपकरणाची भीती नको. पण असे जुने उपकरण उघडू नये आणि कचऱ्यातही टाकू नये.

आता अधिक आढळतो तो प्रकाशीय धूरशोधक. त्याच्या काळ्या कप्प्यात प्रकाशस्रोत आणि प्रकाशसंवेदक असे आडवळणाने बसवतात, की एकाचा प्रकाश दुसऱ्यावर पडू नये. धूर आत शिरला की कणांवरून प्रकाश विखुरतो आणि संवेदकापर्यंत पोचतो. हाच टिंडॉलचा परिणाम. अंधाऱ्या वर्गात विजेरीचा झोत आणि उदबत्तीचा धूर एवढ्या साहित्यात तो दाखवता येतो. धुमसणाऱ्या आगीचे मोठे कण हा शोधक लवकर टिपतो. भडकत्या आगीचे सूक्ष्म कण आयनीभवनाचा शोधक लवकर टिपतो. धूळ आणि वाफ मात्र दोघांनाही फसवते. म्हणून स्वयंपाकघरात किंवा फार धुळीच्या जागी उष्णताशोधक बसवतात. कडेने फटी असलेली पांढरी चकती धूरशोधकाची. उष्णताशोधकात बहुधा मध्यभागी उघडी धातूची चकती किंवा छोटा संवेदक दिसतो.

शांततेचे दोन प्रकार

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. भोंगा वाजत नाही, याचे दोन अर्थ होतात. एक, आग नाही. दुसरा, यंत्रणा मेली आहे. या दोन शांतता वेगळ्या कशा ओळखायच्या?

अभियंत्यांनी काढलेली युक्ती ओहमच्या नियमावर उभी आहे. शोधकांच्या तारेच्या अगदी शेवटी एक रोधक जोडतात. त्यामुळे सर्व ठीक असतानाही तारेतून थोडा प्रवाह सतत वाहतो. शोधकाने आग टिपली की प्रवाह वाढतो. तार तुटली की तो शून्य होतो. नियंत्रण फलक या तीन स्थिती वेगळ्या ओळखतो. साधारणपणे हिरवा दिवा म्हणजे वीज चालू, पिवळा म्हणजे बिघाड आणि तांबडा म्हणजे आग. इमारतीत शिरताना हा फलक शोधावा. पिवळा दिवा लागलेला असेल किंवा एकही दिवा लागलेला नसेल, तर छतावरच्या चकत्यांवर विसंबून राहता येणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे कळवण्याचा, धडा शिकागोच्या एका शाळेने दिला. १ डिसेंबर १९५८ रोजी ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ शाळेत आग लागली. शाळेत घंटा होती, पण ती फक्त इमारतीतच वाजे. अग्निशमन दलाशी ती जोडलेली नव्हती. ९२ मुले आणि ३ शिक्षिका जोगिणी मरण पावल्या.

आपल्या देशात तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातील आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुले गेली. त्या दुर्घटनेनंतरच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांच्या अग्निसुरक्षेबाबत देशभरासाठी आदेश दिले. आणि आपल्या विदर्भात, ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे, भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात दहा अर्भके दगावली. तेथे धूर दिसला तो ड्यूटीवरील परिचारिकेला. सात बाळांना वाचवता आले. जे स्वतः ओरडू शकत नाहीत, उठून पळू शकत नाहीत, त्यांच्या खोलीत एक-दोन मिनिटे आधी मिळालेली वर्दी किती मोलाची, हे यावरून कळावे.

शाळेत काय करता येईल?

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. त्यानुसार इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांनी परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यांत, सादर करायचे असते. याविषयी मुख्याध्यापकांनी विचारणा करावी आणि विद्यार्थ्यांनाही ती करायला शिकवावे.

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांचे गट करून, परवानगी घेऊन, गावातील एकेक सार्वजनिक इमारत पाहायला सांगावी. वहीत पाच रकाने आखावेत : लाल पेटी, धूरशोधक, उष्णताशोधक, भोंगा, नियंत्रण फलक. प्रत्येकापुढे संख्या, जागा आणि दिसलेली स्थिती लिहावी. लाल पेटीला कोणीही हात लावू नये. शेवटी एक प्रश्न तेथील कर्मचाऱ्याला विचारावा : ‘भोंगा वाजला तर तो कोणाला ऐकू जातो?’

बऱ्याच ठिकाणी रकाने रिकामे राहतील. ती नोंदही तितकीच मोलाची आहे. आणि शाळेत यातले काहीच नसले तरी टोल असतो. आगीसाठी त्याचा वेगळा ठोका ठरवावा, तो कोणी द्यायचा आणि बंबाला फोन कोणी करायचा हे नेमून द्यावे, आणि दर सत्रात एकदा तो ठोका वाजवून सगळी शाळा मैदानात आणावी. घड्याळ लावून किती मिनिटे लागली ते फळ्यावर लिहावे. पुढच्या वेळी तो आकडा कमी झाला पाहिजे.