लाकडी ठोकळा ते प्रकाशमान पडदा : कारखान्यातील फलकाची दोनशे वर्षे

१/ आजच्या अनेक कारखान्यांत यंत्रांच्या रांगांवर एक पडदा टांगलेला असतो. कोणते यंत्र चालू, कोणते बंद, किती नग तयार झाले, हे त्यावर क्षणोक्षणी उमटते. तंत्र नवे असले तरी कल्पना दोनशे वर्षांहून जुनी आहे. तिचा हा संक्षिप्त इतिहास. #थ्रेड

२/ प्रारंभ स्कॉटलंडमध्ये. १८०० साली रॉबर्ट ओवेन याने क्लाइड नदीकाठच्या न्यू लॅनार्क येथील सूतगिरण्यांचा कारभार हाती घेतला. कामगारांना शारीरिक शिक्षा देणे त्याला मान्य नव्हते. परंतु शिस्त तर हवी होती. त्यातून जन्मला ‘मूक निरीक्षक’.

३/ हा होता एक छोटा, चार बाजूंचा लाकडी ठोकळा. काळा म्हणजे वाईट, निळा म्हणजे बेताचा, पिवळा म्हणजे चांगला आणि पांढरा म्हणजे उत्कृष्ट. प्रत्येक कामगाराच्या जागी तो टांगलेला असे. आदल्या दिवशीच्या वर्तनाचा रंग समोर दिसे आणि त्याची नोंद वहीतही होई.

४/ रंग अन्यायाने ठरला असे वाटल्यास थेट ओवेनकडे दाद मागता येई. त्या काळाच्या मानाने ही उदार व्यवस्था होती. तरीही ठोकळा निवाडा सांगे. कारण सांगत नसे. सूत तुटले ते कामगाराच्या आळसाने की कापसाच्या दोषाने, हे काळ्या रंगावरून कसे कळणार?

५/ दुसरा टप्पा जपानमधला, आणि तोही वस्त्रोद्योगातलाच. साकिची तोयोदा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारे माग घडवले. १९२४ सालच्या त्यांच्या स्वयंचलित मागात तर धोटाही माग न थांबवता बदलला जाई. यंत्र स्वतःच दोष ओळखून थांबत असल्याने एकच कामगार अनेक माग सांभाळू लागला.

६/ मात्र अनेक यंत्रांपैकी नेमके कोणते थांबले, हे दुरून कळावे कसे? दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटाच्या मोटार कारखान्यांत याचे उत्तर रूढ झाले : ‘आंदोन’. जपानीत या शब्दाचा मूळ अर्थ कागदी दिवा. हिरवा दिवा म्हणजे काम सुरळीत, पिवळा म्हणजे मदत हवी, तांबडा म्हणजे काम थांबले.

७/ येथे फलकाची दिशाच पालटली. ओवेनच्या गिरणीत रंग वरिष्ठ ठरवीत. येथे दोरी ओढून दिवा लावण्याचा अधिकार कामगाराला मिळाला. दिवा लागताच पर्यवेक्षकाने धावून जायचे. दोष दडवून माल पुढे ढकलण्यापेक्षा काम थांबवणे बरे, हा तैइची ओनो यांचा आग्रह होता.

८/ तिसरा टप्पा आकड्यांचा. सेइची नाकाजिमा यांनी यंत्राची एकूण परिणामकारकता मोजण्याची रीत रुजवली : उपलब्धता, गती आणि गुणवत्ता यांचा गुणाकार. समजा, यंत्र नियोजित वेळेच्या ९० टक्के चालले, गती ८० टक्के राहिली आणि ९५ टक्के नग निर्दोष निघाले. तिन्ही आकडे बरे वाटतात. गुणाकार मात्र केवळ ६८.४ टक्के!

९/ आता हाच आकडा पडद्यावर आणताना जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. नुसते ‘६८’ तांबड्या अक्षरांत झळकले, तर तो ओवेनचा काळा ठोकळाच. यंत्रापाशी उभा असलेला माणूस त्यावरून काय सुधारणार? तिन्ही घटक वेगळे दाखवले आणि यंत्र थांबल्याचे कारणही लिहिले, तर गळती नेमकी कोठे आहे ते त्याला दिसते.

१०/ शिवाय ज्या आकड्यावरून शिक्षा होते, तो आकडा सजवण्याकडे माणसाचा कल होतो. बिघाडाची नोंद टाळली जाते आणि पडदा हिरवा राहतो. म्हणून एखाद्या कारखान्यात असा पडदा पाहाल, तेव्हा एवढेच विचारा : तांबडा रंग उमटला की येथे कामगाराला बोलावणे येते, की त्याच्या मदतीला कोणी धावून येते?