पलटणींची पाळी



परकी सेना चालून आली म्हणजे लष्कराचे काम अवघड असते, पण ते कोड्यात टाकणारे नसते. शत्रू समोर असतो, आघाडी ठरलेली असते आणि लढाई केव्हा ना केव्हा संपते. आपल्याच राज्यातील गल्ल्यांतून वर्षानुवर्षे बंदोबस्त ठेवण्याची पाळी आली म्हणजे मात्र एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. एका पलटणीला एका जागी किती दिवस ठेवावयाचे? फार दिवस ठेवली तर माणसे थकतात आणि चिडतात. लवकर हलवली तर गाव ओळखीचे होते न होते तोच ती बिऱ्हाड उचलते. ब्रिटिश लष्कर उत्तर आयर्लंडमध्ये या पेचाशी अडतीस वर्षे झगडले. त्या हकिकतीतून काय शिकावयाचे, हा आजचा विषय आहे.

१४ ऑगस्ट १९६९ रोजी डेरी शहराच्या रस्त्यांवर ब्रिटिश सैनिक उतरले. समान नागरी हक्क मागणारे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट बहुमताच्या हाती असलेले प्रांतिक सरकार यांच्यातील तेढ विकोपाला गेली होती आणि दंगलीपुढे पोलीस थकले होते. आरंभी कॅथलिक वस्तीतील बायकांनी सैनिकांना चहा पाजला. पण नव्याचे नऊ दिवस लवकरच संपले. वर्षभरात त्याच वस्त्यांतून दगड आणि पुढे गोळ्या येऊ लागल्या. थोड्या दिवसांचे म्हणून हाती घेतलेले हे काम ३१ जुलै २००७ रोजी अधिकृतपणे संपले.

एवढी वर्षे माणसे पुरवावयाची कोठून? ब्रिटिश लष्कराचा मोठा भाग त्या वेळी पश्चिम जर्मनीत रशियाकडे तोंड करून उभा होता. म्हणून दोन प्रकारच्या पलटणी ठेवण्यात आल्या. काही पलटणी बायकामुलांसह सुमारे दोन वर्षे तेथेच मुक्कामाला असत. बाकीच्या सुरुवातीच्या काळात चार-चार महिन्यांच्या पाळीने येत व जात. या दुसऱ्या पद्धतीला ते 'रूलमाँ' हा फ्रेंच शब्द वापरीत. पायदळ पुरेना, तेव्हा तोफखान्याच्या आणि रणगाड्यांच्या रेजिमेंटांनाही तोफा व रणगाडे मागे ठेवून पायी गस्तीला पाठविण्यात आले.

पाळीवर जाण्यापूर्वी पलटणीला खास शिक्षण मिळे. जर्मनीत झेनेलागर येथे आणि इंग्लंडच्या केंट परगण्यात लुटुपुटीच्या गल्ल्या उभारल्या होत्या. झेनेलागरच्या वस्तीला सैनिक 'पत्र्याचे शहर' म्हणत. पलटण निघण्याआधी तिचे काही अधिकारी पुढे जात, जाणाऱ्या पलटणीबरोबर गस्त घालीत आणि नकाशे, संशयितांची छायाचित्रे, घरोघरच्या नोंदी ताब्यात घेत. ब्रिगेडची मुख्यालये कायम असल्यामुळे दप्तर शाबूत राही.

परंतु दप्तर म्हणजे ओळख नव्हे. कोणते दुकान एरवी या वेळी उघडे असते, कोणत्या कोपऱ्यावर मुले रोज खेळतात आणि आज का दिसत नाहीत, हे कार्डावर लिहिता येत नाही. पहिले काही आठवडे शिकण्यात जावयाचे, मधल्या काळात काम अंगवळणी पडावयाचे आणि शेवटी घराकडे डोळे लागावयाचे, असे कोणत्याही छोट्या पाळीचे गणित असते. चार महिन्यांतून खऱ्या उपयोगाचे दिवस मग किती उरणार?

अनोळखी जागेची किंमत केव्हा केव्हा फार भयंकर असते. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरीतील मोर्चासाठी पॅराशूट रेजिमेंटची पहिली पलटण बेलफास्टहून आणली होती. ती प्रांतात नवखी नव्हती. पण डेरीच्या गल्ल्या तिच्या रोजच्या गस्तीच्या नव्हत्या. तिच्या गोळीबारात त्या दिवशी तेरा माणसे ठार झाली व जखमींपैकी एक पुढे वारला. हे केवळ अपरिचयामुळे घडले, असे म्हणणे म्हणजे गोळी झाडणाऱ्यांची जबाबदारी टाळणे होय. सॅव्हिल चौकशी आयोगाने २०१० साली हा गोळीबार असमर्थनीय ठरविला आणि पंतप्रधानांनी पार्लमेंटात क्षमा मागितली. मात्र पलटणीच्या प्रमुखाने आपली माणसे एका अपरिचित व धोक्याच्या मानलेल्या वस्तीत आदेशाविरुद्ध घातली, हेही त्या अहवालात नमूद आहे.

मग स्थानिक माणसेच भरती केली तर? तोही प्रयोग झाला. १९७० साली अल्स्टर डिफेन्स रेजिमेंट उभी राहिली. तिच्या जवानांना बदली नव्हती; गल्लीबोळ त्यांना पाठ होते. पण आरंभी तिच्यात जे कॅथलिक होते तेही हळूहळू निघून गेले आणि ती जवळजवळ एकाच समाजाची फौज झाली. ओळख होती, पण विश्वास नव्हता. शिवाय जवानाचे घर शत्रूलाही ठाऊक! तिचे बहुतेक मृत जवान कामावर नसताना मारले गेले.

आपल्याकडे याच प्रश्नाला वेगळे उत्तर शोधण्यात आले. १९९० साली राष्ट्रीय रायफल्स हे दल उभारले गेले. त्याची पलटण नेमून दिलेल्या टापूत राहते. बदलतात ती माणसे, आणि तीही सगळी एकदम नव्हे. सुरुवातीला निरनिराळ्या रेजिमेंटांचे जवान एकत्र केल्यामुळे आपलेपणा जमेना, म्हणून पुढे प्रत्येक पलटण एकेका रेजिमेंटशी जोडली गेली. मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या अशाच एका, ४१ व्या, पलटणीचे नेतृत्व करीत असता साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले. पलटण तेथेच राहिली. तिचे दप्तर आणि तिची ओळख पुढच्या प्रमुखाच्या हाती गेली. या पद्धतीने स्मृती टिकते. पण स्मृतीबरोबर जुने राग-लोभही टिकतात, हे विसरून चालत नाही.

सैनिकाला परतीची तारीख असते, रहिवाशाला नसते. झडतीसाठी दार ठोठावणाऱ्या पलटणीची ती पहिली झडती असेल. दार उघडणाऱ्या बाईची ती दहावी असते. मागच्या नऊ वेळचा हिशेब त्या बाईपाशी असतो आणि तो ती नव्या पलटणीकडून वसूल करू पाहते. बदल्यांच्या कोष्टकात हा हिशेब कोठेच मांडलेला नसतो.

म्हणून पाळी चार महिन्यांची असावी की दोन वर्षांची, हा वाद महत्त्वाचा असला तरी दुय्यम आहे. पाळी लष्कराला ताजे ठेवते. ती तंटा मिटवीत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ चा करार झाला, २००१ साली पोलीस दलाची नव्याने घडण झाली आणि कॅथलिकांनाही त्यात शिरावेसे वाटू लागले. जे बदलीवर जात नाहीत, ज्यांची मुले त्याच शाळांत शिकतात, अशा माणसांवर दोन्ही समाजांचा थोडाफार विश्वास बसू लागला, तेव्हाच शेवटच्या पलटणीला जागा सोडता आली. तिच्या जागी दुसरी पलटण आली नाही, आणि अडतीस वर्षांतली हीच खरी बदली होय.