खिशांतला चाकू आणि चांद्याचें जंगल

तरवारीचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला; चाकूचा इतिहास लिहावा असें फारसें कोणाच्या मनांत आलें नाहीं. तरवार एखाद्या प्रसंगीं म्यानाबाहेर निघे आणि त्या प्रसंगाची नोंद बखरींत होई. चाकू दिवसांतून दहा वेळां हातांत येई, म्हणून त्याची नोंद कोठेंच झाली नाहीं. परंतु ज्या वस्तूवांचून मनुष्याचा एक दिवस जात नाहीं, तिच्यांत त्याच्या संसाराचा इतिहास अधिक खरेपणानें उतरलेला असतो. जुन्या चांदा जिल्ह्यापुरतें, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांपुरतें बोलावयाचें, तर कमरेच्या लहानशा पात्याच्या आधारानें त्या प्रदेशाच्या गेल्या दीडशें वर्षांची कहाणी सांगतां येते.

विदर्भांत लोखंडाचें पातें नवें नाहीं. नागपूरच्या आसपास माहुरझरी, टाकळघाट, खापा या ठिकाणीं जीं शिळावर्तुळें आहेत, त्यांच्या उत्खननांत ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकांतील लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर व सुऱ्या निघाल्या. नाईकुंड येथें तर लोखंड गाळण्याच्या भट्टीचेच अवशेष सांपडले. मृताबरोबर त्याचें पातें पुरण्याची चाल होती, यावरून जिवंतपणीं तें त्याच्या किती जवळ असेल हें उघड आहे.

चांदा जिल्ह्यांत लोखंडाचे दगड विपुल. लोहारा, पिंपळगांव, देऊळगांव, गुंजेवाही, रत्नापूर हीं नांवें इंग्रजी अंमलांतील भूगर्भविषयक लेखांत वारंवार येतात. लोहारा हें नांव तर स्वतःच साक्ष देतें. गाळण्याची रीत साधी होती. मातीची लहान भट्टी, जवळच्या झाडांचा कोळसा, चामड्याचे भाते आणि अंगमेहनत, एवढेंच भांडवल. भट्टींत धातूचा रस होऊन वाहत नसे. मळीमिश्रित असा मऊ गोळा तयार होई. तो तापवून व ठोकून मळ काढीत आणि मग लोहार त्याचा फाळ, कुऱ्हाड, विळा किंवा सुरी करी. लोखंड डोंगराचें, कोळसा जंगलाचा, हात गांवचा आणि मोबदला धान्याचा, असा तो व्यवहार होता. बलुतेदारींत सुतार-लोहारांस वरची जागा मिळे ती उगीच नव्हे.

या प्रदेशांत पातें बाळगण्याचे प्रकार दोन होते. रानांत राहणारा गोंड किंवा माडिया खांद्यावर कुऱ्हाड आणि हाताशीं सुरी घेऊन बाहेर पडे. वाट अडविणारी वेल तोडणें, बांबूच्या कामट्या काढणें, मासा साफ करणें, पायांतील कांटा काढणें हीं सारीं कामें त्याच एका पात्याचीं. शहरांतील गृहस्थाच्या चंचींत पान, सुपारी, चुन्याची डबी यांच्या शेजारीं अडकित्ता असे. आणि कारकुनाच्या कलमदानांत कलमतराश. बोरूचें टोंक दिवसांतून अनेकदां कापावें लागे, म्हणून धारदार कलमतराशावांचून भोसल्यांच्या दफ्तरांतील एक ओळहि लिहिली गेली नसती, असें म्हटलें तर त्यांत फारशी अतिशयोक्ति नाहीं.

१८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघूजी भोसले वारले आणि १८५४ मध्यें नागपूरचें राज्य खालसा झालें. चांदा इंग्रजांकडे गेला. १८६७ मध्यें आगगाडी नागपुरास पोंचली आणि तिच्याबरोबर विलायती लोखंड व शेफील्डचे घडीचे चाकू आले. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा चाकू, त्यावरील चांदणी आणि क्रूस ही खूण, हिंदुस्थानच्या बाजारांत इतकी मान्य झाली कीं रॉजर्स म्हणजे उत्तम पोलाद असें समीकरण झालें. पातें मुठींत मिटतें आणि मूठ खिशांत मावते, ही सोय नव्या कोट-सदऱ्यांच्या खिशांस साजेशी होती. सुरी कमरेवरून खिशांत गेली. पण त्याबरोबरच तिचा लोहार दृष्टीआड झाला. पातें बोथट झालें तर धार लावणारा मिळे. पातें करणारा मात्र सात समुद्रांपलीकडे होता.

याच सुमारास एक विलक्षण योग आला. १८८२ मध्यें रिटर फॉन श्वार्झ या युरोपीय तज्ज्ञाचा चांद्याच्या लोखंडावरील अहवाल प्रसिद्ध झाला. लोहाऱ्याचा दगड उत्तम, आणि वरोऱ्याची कोळशाची खाण जवळ, हें वाचून जमशेटजी टाटांच्या मनांत पोलादाच्या कारखान्याची कल्पना रुजली. वरोऱ्याचा कोळसा मात्र परीक्षेंत त्या कामास उतरला नाहीं. पुढें दोराबजी टाटा व अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ वेल्ड यांनीं चांदा जिल्हा पायाखालीं घातला; दगड चांगला, परंतु मोठ्या कारखान्यास पुरेसा नाहीं, असा निष्कर्ष निघाला. तेव्हां दोराबजी नागपुरास गेले असतां तेथील अजबखान्यांत मध्यप्रांताचा भूगर्भदर्शक नकाशा त्यांच्या दृष्टीस पडला आणि शोध दुर्गकडे वळला. १९०४ मध्यें प्रमथनाथ बोस यांच्या पत्रामुळें तो मयूरभंजांत स्थिरावला. कंपनी १९०७ मध्यें स्थापन झाली आणि १९१२ मध्यें तिचें पहिलें पोलाद निघालें. हिंदी पोलादाचें स्वप्न चांद्यानें दाखविलें. कारखाना मात्र दूर साकचीस, आजच्या जमशेदपुरास, उभा राहिला.

भट्ट्या विझल्या त्या केवळ विलायती लोखंड स्वस्त पडल्यामुळें नव्हे. १८७८ या एकाच वर्षीं हिंदुस्थान सरकारनें दोन कायदे केले. एक हत्यारांचा, दुसरा जंगलाचा. हत्यारांच्या कायद्यानें बंदुका, तरवारी, खंजीर, भाले, इतकेंच काय पण धनुष्यबाणहि ‘हत्यार’ या व्याख्येंत आणले. घरगुती सुरी व चाकू तींतून सुटले. लोकांस वाटलें, एवढें तरी राहिलें. परंतु त्याच वर्षींच्या जंगलाच्या कायद्यानें राखीव रानांत झाड तोडणें, फांदी छाटणें, कोळसा पाडणें, गुरें चारणें यांवर बंधनें घातलीं. चाकू बाळगण्यास परवाना लागत नव्हता. त्यानें जें कापावयाचें त्यास मात्र लागूं लागला. कोळशाविना भट्टी कशी पेटावी?

या दोन कायद्यांचा सांधा बारकाईनें पाहण्यासारखा आहे. जंगलाच्या कायद्यांत, आणि त्याची जागा घेणाऱ्या १९२७ च्या कायद्यांतहि, गुन्ह्यांत वापरलेलीं अवजारें जप्त करण्याचा अधिकार अंमलदारांस दिलेला होता. हत्यारांच्या कायद्यानें जी कुऱ्हाड निर्दोष ठरविली, ती जंगलाच्या कायद्यानें एका फांदीपायीं मुद्देमाल ठरूं शके. १९२७ च्या कायद्यांत तर ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येंत बांबूहि घातला गेला. वनस्पतिशास्त्र बांबूस गवताच्या कुळांत घालतें. कायद्यानें तो वृक्ष ठरविला. ज्याची टोपली बांबूची, कुंपण बांबूचें आणि घराची भिंतहि बांबूची, त्याच्या हातांतील पात्यावर याहून मोठें बंधन कोणतें?

हें दुःख चांद्याचेंच नव्हतें. तें साऱ्या वऱ्हाड-मध्यप्रांताचें होतें. म्हणून १९३० मध्यें देशभर मीठ उचललें जात असतां समुद्र नसलेल्या या प्रांतानें विळा उचलला. १० जुलै १९३० रोजीं लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसदच्या राखीव रानांत गवत कापून जंगल सत्याग्रहाचा आरंभ केला. विळ्यासारखें घरगुती पातें राजकारणांत आलें तें कोणास मारण्यासाठीं नव्हे, तर गवत कापण्याचा जुना हक्क सांगण्यासाठीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

इतर देशांतहि पात्यावर राजाज्ञा झाल्या. जपानांत १८७६ मध्यें सामुराईंस उघडपणें तरवार बाळगण्याची मनाई झाली, आणि त्या शतकाच्या अखेरीस मिकी गांवच्या लोहारांचा ‘हिगोनोकामी’ हा घडीचा चाकू विद्यार्थ्यांच्या खिशांत जाऊन बसला. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतांत १८९० मध्यें जोसेफ ओपिनेल यानें शेतकऱ्यांसाठीं लाकडी मुठीचा साधा चाकू केला. तो आजहि तेथें निघतो. या दोन्ही ठिकाणीं गांवच्या लोहाराची कला लहान चाकूंत टिकून राहिली, कारण लोखंड व कोळसा यांची वाट त्याच्यासाठीं बंद झाली नव्हती. चांद्याच्या लोहाराच्या हातांत कला होती. वाट बंद झाली होती.

स्वातंत्र्यानंतर हत्यारांचा नवा कायदा १९५९ मध्यें झाला. त्याखालील नियमांनीं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचीं हत्यारें वेगळीं काढलीं, परंतु घरकाम, शेती व उद्योग यांसाठीं केलेलीं पातीं वगळलीं. खिशांतला चाकू पुन्हा निर्दोष ठरला. मात्र बांबूचा प्रश्न तसाच राहिला. या रानांतील बांबू बल्लारपूरच्या कागदगिरणीस जात होता आणि बांबूच्या सावलींत राहणारास तो तोडण्यास परवानगी मागावी लागे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरांतून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याच जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) हें लहानसें गोंड गांव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबूस गौण वनोपज मानलें. त्या कायद्याखालीं २००९ मध्यें या गांवास सुमारें १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशांतील अगदीं पहिल्या गांवांत त्याची गणना होते. तरीहि तोडलेला बांबू विकावयाचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याकडेच. त्यासाठीं गांवानें नेटानें झगडा चालविला, आणि २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितींत परवान्याचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं आलें. १८७८ मध्यें पात्यापुढें जी रेघ ओढली गेली होती, ती त्या गांवापुरती पुसली गेली. २०१७ मध्यें बांबू हा शब्दहि ‘झाडा’च्या व्याख्येंतून काढण्यांत आला.

लोखंडाची कहाणी मात्र वेगळी वळली. एकविसाव्या शतकांत एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडच्या डोंगरावर मोठें खाणकाम सुरू झालें, आणि ज्या दगडाचा एक गोळा एका गांवच्या विळ्या-सुऱ्यांस पुरे, तो दगड आतां वाहनें भरभरून खालीं उतरतो. रानाचें लोखंड पुन्हा निघूं लागलें आहे. पण गांवच्या भात्याकडे तें जात नाहीं.

जुनीं पातीं जमविण्याचा छंद अलीकडे शहरांतून वाढला आहे, आणि तो स्तुत्यच आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांतील नक्षीदार अडकित्ते पाहिले म्हणजे नित्याच्या वस्तूंत आपल्या पूर्वजांनीं किती सौंदर्य ओतलें होतें हें कळतें. परंतु संग्राहकानें मुठीची नक्षी आणि पात्यावरची खूण पाहून थांबूं नये. हें लोखंड कोणत्या डोंगराचें, कोळसा कोणत्या झाडाचा, आणि या पात्यास काय कापण्याची मुभा होती, असे तीन प्रश्न प्रत्येक पात्यास विचारावे. चांद्याच्या साध्या लाकडी मुठीच्या सुरीवर नक्षी नसेल, कारागिराचें नांवहि नसेल. तरी या तीन प्रश्नांचीं उत्तरें देतांना ती सुरी रत्नजडित खंजिराहून अधिक बोलेल. खंजिरानें राज्यें घेतलीं असतील. सुरीनें संसार चालविला, आणि संसार चालविण्याचा हक्क परत मिळण्यास तिला एकशें तेहेतीस वर्षें वाट पाहावी लागली.